चुंगी, पेट्रोल आणि मतदान: राजस्थानातील निवडणूकपूर्व करकपातीचा इतिहास

जयपूरहून सीकरच्या रस्त्याने निघाले की तीसेक किलोमीटरवर चौमूं लागते. जुन्या नाथावत ठिकाण्याचे हे गाव आज भाजीपाल्याच्या शेतीसाठी ओळखले जाते. शेतातला पंप, ट्रॅक्टर, भाजी जयपूरच्या मंडईत नेणारा टेम्पो आणि महाविद्यालयात येणाऱ्या मुलांच्या मोटारसायकली ही सगळी चाके पेट्रोल आणि डिझेलवर फिरतात. त्यामुळे निवडणुकीत इंधनावरील कराचा विषय निघाला की इथे तो वर्तमानपत्रापुरता राहत नाही. प्रस्तुत पाठात आपण निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणाऱ्या करकपातीचा इतिहास पाहणार आहोत. मी अभियांत्रिकीचा शिक्षक असल्यामुळे मध्येमध्ये आकडेमोड येईल. ती मात्र वगळू नये, कारण खरा इतिहास पुष्कळसा तिच्यातच आहे.

सुरुवात पेट्रोलपासून नव्हे, तर चुंगीपासून करावी लागते. महाराष्ट्रात ज्याला आपण जकात म्हणतो ती राजस्थानात चुंगी. गावात माल शिरताना नाक्यावर गाडी थांबवून वसूल होणारा हा कर व्यापाऱ्यांना नकोसा होता. वाहनचालकांना तर त्याहून नकोसा, कारण करापेक्षा खोळंबा मोठा. भैरोंसिंह शेखावत यांच्या सरकारने 1 ऑगस्ट 1998 पासून राजस्थानातील चुंगी रद्द केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि काँग्रेसला 200 पैकी 153 जागा मिळाल्या. भाजप 33 वर आला. त्या निवडणुकीत कांद्याचे भाव गाजले होते. ग्राहकाला कांदा रोज दिसतो, चुंगी मात्र मालाच्या किमतीत विरघळलेली असते. ती गेल्याचा आनंद व्यापाऱ्याला झाला, घरातल्या बाईला तो जाणवलाच नाही, असे म्हणायला जागा आहे.

चुंगी गेली, पण तिच्यावर चालणारा नगरपालिकांचा खर्च गेला नाही. राज्य सरकारला दरवर्षी भरपाईचे अनुदान द्यावे लागले आणि लहान शहरांच्या नगरपालिका त्या अनुदानाकडे डोळे लावून बसू लागल्या. कर रद्द होतो तेव्हा त्याचा बोजा कोठे जातो, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी प्रत्येक घोषणेला विचारावा. महाराष्ट्रातही हेच घडले. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पाळले, 2014 च्या निवडणुकीत तो रद्द करण्याचे आश्वासन गाजले आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांसाठी तो रद्द झाला. महापालिकांची भरपाई राज्याच्या तिजोरीवर आली.

आता इंधनाकडे वळू. पेट्रोल-डिझेल अजून वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असते, तर राजस्थानचा मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, टक्क्यांत. हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. समजा, व्हॅट लागण्यापूर्वी पेट्रोलची किंमत 60 रुपये आहे आणि दर 30 टक्के आहे. कर झाला 18 रुपये. पुढे मूळ किंमत 68 रुपये झाली; दर तोच ठेवला तरी कर 20 रुपये 40 पैसे होतो. कोणीही विधानसभेत मतदान केले नाही, कोणी घोषणा केली नाही, तरीही कर वाढला. आता सरकारने दर 26 टक्क्यांवर आणला तर कर होतो 17 रुपये 68 पैसे. म्हणजे भाववाढीबरोबर आपोआप आलेली जादा रक्कम परत गेली आणि वर थोडे पैसे सुटले. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण 2018 मध्ये राजस्थानात जे झाले ते साधारण याच चालीचे होते.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून इंधनाचे भाव चढत होते. मुख्यमंत्री वसुंधरा राजे यांची गौरव यात्रा चालू होती. 9 सप्टेंबर 2018 रोजी हनुमानगढ जिल्ह्यातील रावतसरच्या सभेत त्यांनी व्हॅट 4 टक्केबिंदूंनी कमी केल्याचे जाहीर केले: पेट्रोलवर 30 वरून 26, डिझेलवर 22 वरून 18. लिटरमागे साधारण अडीच रुपये उतरणार होते आणि राज्याचा वर्षाचा सुमारे 2,000 कोटींचा महसूल जाणार होता. दुसऱ्याच दिवशी, 10 सप्टेंबरला, इंधन दरवाढीविरुद्ध काँग्रेसचा भारत बंद होता. बंदच्या सकाळी राजस्थानच्या वर्तमानपत्रांत बंदाबरोबर कपातीचीही बातमी असणार, हे घोषणा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल. घोषणा सभेत झाली हेही लक्षात घ्यावे. अर्थसंकल्पात झाली असती तर ती आकड्यांच्या जंगलात हरवली असती.

डिसेंबरमध्ये निकाल लागला. सरकार बदलले आणि अशोक गेहलोत मुख्यमंत्री झाले. पुढच्या वर्षी लोकसभेची निवडणूक आटोपली आणि जुलै 2019 मध्ये दर पुन्हा 30 आणि 22 झाले. दहा महिन्यांत हिशोब मूळपदावर. मग टाळेबंदी आली, राज्यांचा महसूल आटला आणि 2020 मध्ये पेट्रोलवरचा दर 34, 36, 38 असा तीन पायऱ्या चढला. जानेवारी 2021 मध्ये तो 36 झाला. त्या वर्षी 2 नोव्हेंबरला देशभरातील पोटनिवडणुकांचे निकाल लागले, दुसऱ्या दिवशी केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 10 रुपयांनी कमी केले आणि त्याच महिन्यात राजस्थाननेही दर 31.04 व 19.30 टक्क्यांवर आणले. इथेही टक्क्यांचा खेळ पाहा: केंद्राने 5 रुपये सोडले की 36 टक्के दराने राज्याचेही 1 रुपया 80 पैसे आपोआप सुटतात. कपातीचे श्रेय कोणाचे किती, यावर त्या वेळी जे वाद झाले त्यांत हा गुणाकार फारच थोड्यांनी केला.

2023 ची निवडणूक आली तेव्हा राजस्थानातले पेट्रोल देशात महागड्यांपैकी होते. सप्टेंबरमध्ये पंपचालकांनी व्हॅटविरुद्ध पंप बंद ठेवले. पंजाब आणि हरियाणाच्या सीमेवरच्या पंपांचा धंदा पलीकडे जात होता, ही त्यांची जुनी तक्रार. प्रचारात काँग्रेसकडे 500 रुपयांचा सिलिंडर आणि 100 युनिट मोफत वीज होती. भाजपने 450 रुपयांच्या सिलिंडरचे आश्वासन दिले. पेट्रोलविषयी पंतप्रधानांनी सभांतून शेजारच्या राज्यांशी तुलना केली आणि सरकार आल्यास दरांचा आढावा घेऊ असे सांगितले. आढावा घेऊ आणि कमी करू ही दोन वेगळी वाक्ये आहेत. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ती एक होऊन बसतात.

25 नोव्हेंबरला मतदान झाले. राज्यात भाजपला 115 जागा मिळाल्या, पण चौमूंत काँग्रेसच्या डॉ. शिखा मील बराला निवडून आल्या. त्याआधी 2018 मध्ये राज्य काँग्रेसकडे गेले असताना चौमूंने भाजपचे रामलाल शर्मा यांना निवडले होते. दोन्ही वेळा राज्याच्या उलट. करकपातीने मते मिळतात असा सरसकट नियम मांडणाऱ्यांनी अशा मतदारसंघांकडेही पाहावे. जात, उमेदवार, तिरंगी लढत, पाणी यांतून एक कर वेगळा काढून मोजता येत नाही.

आढाव्याचे फळ 14 मार्च 2024 रोजी आले. मुख्यमंत्री भजनलाल शर्मा यांनी व्हॅट 2 टक्केबिंदूंनी कमी केला: पेट्रोलवर 29.04, डिझेलवर 17.30. त्याच दिवशी तेल कंपन्यांनी देशभर 2 रुपयांची कपात जाहीर केली. दोन दिवसांनी, 16 मार्चला, लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाली. आचारसंहिता लागली की सत्ताधाऱ्यांना नवी आर्थिक सवलत जाहीर करता येत नाही. म्हणूनच अशा घोषणा तिच्या उंबरठ्यावर गर्दी करतात. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरील हलक्या वाहनांची टोलमाफी 14 ऑक्टोबर 2024 ला जाहीर झाली, विधानसभेचा कार्यक्रम 15 ऑक्टोबरला. जाहीरनाम्यातील आश्वासनांना तेवढाही अडसर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2013 च्या सुब्रमण्यम बालाजी निकालात असे आश्वासन भ्रष्ट आचरण ठरत नाही असे म्हटले, मात्र निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले. पैसा कोठून येणार हे पक्षांनी सांगावे, अशी अपेक्षा त्यातून संहितेत आली. अपेक्षाच ती.

कपात बोलून दाखवावीच लागते असेही नाही. जून 2017 पासून इंधनाचे दर रोज बदलू लागले, तरी कर्नाटकच्या निवडणुकीपूर्वी 24 एप्रिल ते 13 मे 2018 या काळात ते हललेच नाहीत. मतदान 12 मे रोजी झाले होते. न झालेल्या वाढीची बातमी होत नाही.

बातमीदारीचे काय? महाराष्ट्रातील 2009 च्या निवडणुकीतील पैसे देऊन छापलेल्या बातम्यांबद्दल पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त लिहिले, 2010 मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा अहवाल झाला आणि आता जिल्ह्याजिल्ह्यात माध्यम देखरेख समित्या असतात. पण करकपातीच्या बातमीतला दोष बहुधा पैशाचा नसतो, विसरभोळेपणाचा असतो. प्रत्येक घोषणा कालच्या दराशी ताडून छापली जाते. दरांची रांग सलग लिहून पाहा: 30, 26, 30, 34, 36, 38, 36, 31.04, 29.04. चार कपाती झाल्या, चारही ठळक मथळ्यांत आल्या, आणि तरीही मार्च 2024 चा पेट्रोलवरील दर सप्टेंबर 2018 च्या दरापेक्षा 3.04 टक्केबिंदूंनी जास्त होता. डिझेलचा मात्र 18 वरून 17.30, म्हणजे किंचित कमी. ट्रॅक्टरवाल्याचे आणि मोटारसायकलवाल्याचे उत्तर वेगळे येते ते यामुळे.

चौमूं विधानसभा क्षेत्र लोकसभेसाठी सीकरमध्ये मोडते. मार्चच्या कपातीनंतर तीन महिन्यांच्या आत तेथे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे शेतकरी नेते अमराराम निवडून आले.