रात्रीची नोंद

परभणी जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात माझ्या वडिलांची आत्या शेवटची दोन वर्षं राहिली. घरात सगळे तिला आक्का म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, उभं आयुष्य भावाच्या घरी राबण्यात गेलं. भाऊ गेल्यावर घर रिकामं झालं. आम्ही सगळे पुणे-मुंबईला. आक्काला शहरातल्या फ्लॅटमध्ये करमेना, म्हणून ती तिथे गेली, असं आम्ही सांगायचो.

आश्रम वाईट नव्हता. अंगण झाडलेलं, जेवण वेळेवर, भिंतीवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या. खुब्याचं हाड मोडून आक्का अंथरुणाला खिळली आणि महिन्याभरात तिच्या माकडहाडापाशी जखम झाली. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, हे मला डॉक्टरांकडून तेव्हा कळलं. मी ऑफिसात विचारलं, रात्री कूस कोण बदलतं? धान्याची वही होती, देणग्यांची होती, भेटीला येणाऱ्यांची होती. रात्रीची नव्हती. "बदलतात की," एवढंच उत्तर मिळालं. मी चिडलो, तेव्हा आक्काच म्हणाली, "त्यांना नाव ठेवू नको बाबा. फुकट खाते मी इथं."

या 'फुकट'चं मूळ कुठे असेल, हे शोधत मी मागे जात राहिलो.

आपल्याकडे म्हातारपणाची सेवा ही घरातली गोष्ट. आईबापाचे पाय चेपणाऱ्या पुंडलिकासाठी देव विटेवर उभा राहिला, ही कथा आपल्याला पाठ आहे. पण तिच्यात सेवा करणारा मुलगा आहे. ज्याला मुलगाच नाही त्याचं काय, हे ती कथा सांगत नाही. अशांसाठी उरलं दान. पुण्यात १८६०च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एक संस्था उभी राहिली. ती आज नवी पेठेत 'निवारा' म्हणून ओळखली जाते. तिचं जुनं नाव 'डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह'. या नावात 'वृद्ध' हा शब्द नाही. म्हातारा माणूस आत यायचा तो अनाथ किंवा पंगू म्हणून. आणि परभणी तर तेव्हा निजामाच्या राज्यात. पुण्यातला हा निवारा आमच्याकडच्या माणसासाठी परराज्यातला होता.

१९४८मध्ये निजामी राजवट संपली, १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्र झाला. त्याआधीच राज्यघटनेच्या कलम ४१ने म्हातारपणी सरकारी साहाय्य मिळण्याची गोष्ट लिहून ठेवली होती, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी अट घालून. १९६३ साली राज्य सरकारने वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना आणली. पुरुषासाठी वयाची अट ६०, बाईसाठी ५५. आश्रम स्वयंसेवी संस्थेने चालवायचा, सरकारने माणशी अनुदान द्यायचं. १९९५मध्ये 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आली. जिल्ह्याला एक आश्रम, १०० जणांची सोय. घरी राहणाऱ्या निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला नाव मिळालं 'श्रावणबाळ'.

ही नावं मी एका कागदावर खाली खाली लिहिली, तेव्हा एक गोष्ट दिसली. सरकार पैसे देतं ते मुलगा म्हणून देतं, आश्रम चालतो तो आईच्या नावाने. नात्यात हिशेब मागत नाहीत. दानातही मागत नाहीत. मग आक्काने कोणत्या तोंडाने मागावा?

हिशेब मागण्याची जागा कायद्यात असायला हवी होती. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली संसदेत मंजूर झाला, महाराष्ट्रात त्याचे नियम २०१०मध्ये आले. मी तो वाचला तो आक्कासाठी. मूल नसलेल्या वृद्धाची जबाबदारी हा कायदा नातेवाइकावर टाकतो. पण नातेवाईक म्हणजे ज्याच्या ताब्यात त्या वृद्धाची मालमत्ता आहे किंवा जो तिचा वारस होईल तो. आक्काच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. म्हणजे जिने आम्हा तीन पिढ्यांना भाकरी करून घातली, तिच्याप्रति या कायद्याने आमच्यापैकी कुणावरच जबाबदारी येत नव्हती. ती पळवाट आम्हाला ठाऊक नसतानाही आम्ही वापरली होती.

अशा निराधारांसाठी याच कायद्यात कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, किमान १५० जणांचा वृद्धाश्रम राज्य सरकार स्थापन 'करू शकेल'. 'करील' नव्हे. सेवांचा दर्जाही सरकार ठरवून 'देऊ शकेल'. केंद्राने राज्यांसाठी केलेल्या नमुना नियमांत अशा आश्रमात झोपायच्या खोलीत माणशी ७.५ चौरस मीटर जागा सांगितली आहे. जागा फुटपट्टीने मोजता येते. मध्यरात्री हाक मारल्यावर कोण येतं, हे तसं मोजता येत नाही.

मोजताच येत नाही असं मात्र नाही. १९६६मध्ये अव्हेडिस डोनाबेडियन या डॉक्टरने उपचारांचा दर्जा तपासायच्या तीन जागा सांगितल्या: साधनं काय आहेत, प्रत्यक्षात केलं काय जातं, आणि शेवटी माणसाचं झालं काय. आमच्या जिल्ह्यातल्या त्या आश्रमात पहिलीची वही होती, दुसरीची नव्हती आणि तिसरी आक्काच्या पाठीवर होती. त्याच्या थोडं आधी, १९५०च्या दशकाअखेरीस, पीटर टाउनसेंड हा समाजशास्त्रज्ञ इंग्लंड आणि वेल्समधल्या १७३ वृद्धगृहांत जाऊन आला. गरिबांना डांबण्यासाठी बांधलेल्या जुन्या इमारतींत वृद्ध अजूनही राहत होते. १९६२मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. आश्रम चांगला की वाईट हे त्याने इमारतीबरोबरच आतल्या रोजच्या जगण्यावरून ठरवलं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८मध्ये केंद्राला सांगितलं, की प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करा. कायदा होऊन ११ वर्षं झाली होती आणि आपण अजून मोजणीवरच होतो. २०१९मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा या दोन्ही गोष्टी होत्या. ते मंजूर झालं नाही. २०२४मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही गेलं.

हे सगळं वाचायच्या आधीच, आक्काची जखम पाहून आलो त्या आठवड्यात, मी एक दोनशे पानी वही आखून आश्रमात नेली होती. वेळ, कूस डावी की उजवी, सही. माझा धंदाच तसा आहे. काही बिघडलं की आम्ही आधी नोंदी उघडतो. रात्रपाळीच्या मावशींनी वही उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "चाळीस माणसांत मी एकटी हाय दादा. कूस बदलू का लिवत बसू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी त्यांनी वही ठेवून घेतली. सही येत नव्हती, म्हणून नुसती फुली मारत. पुढच्या खेपेला वही पाहिली. रात्री दहाला फुली, बाराला फुली, मग थेट पहाटे पाचला. मधली रकानेच्या रकाने रोज कोरी. मावशींनी एकही खोटी फुली मारली नव्हती.

ती वही घेऊन मी ऑफिसात गेलो. रात्रीसाठी आणखी एक बाई ठेवावी लागेल, हे त्यांनी मान्य केलं. पैसे कुठून आणायचे, हेही विचारलं. अन्नदानाला माणसं रांगेने मिळतात, रात्रपाळीच्या पगाराला कुणी पाटी लावत नाही. आम्ही भावंडांनी मिळून तो पगार द्यायला सुरुवात केली. दुसरी बाई आली. जखम भरत आली होती, तेवढ्यात आक्का न्यूमोनियाने गेली.

पगार अजून जातो. पण तीही देणगीच आहे. उद्या आम्ही थांबलो तर मधले रकाने पुन्हा कोरे राहतील, आणि ते का कोरे आहेत हे विचारणं कुणाचंही काम नसेल.