कंपनी वीक

कंपनी वीक : मुक्त उत्स्फूर्त संगीताचा लंडनमध्ये पूर्वी भरणारा वार्षिक महोत्सव. इंग्लिश गिटारवादक डेरेक बेली (१९३०–२००५) यांनी तो १९७७ मध्ये सुरू केला आणि १९९४ पर्यंत चालवला. निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या सांगीतिक संस्कारांतल्या थोड्या कलावंतांना बेली आठवडाभरासाठी बोलावत. रोज संध्याकाळी त्यांतले दोघे, तिघे किंवा पाच जण नव्याने एकत्र बसत आणि आधी काहीही न ठरवता श्रोत्यांसमोर वाजवत. पुष्कळदा ते एकमेकांबरोबर आयुष्यात प्रथमच वाजवत असत, आणि नेमकी तीच गोष्ट बेलींना हवी होती.

बेली मूळचे शेफिल्डचे. नाचघरे, क्लब, रेडिओ आणि ध्वनिमुद्रण स्टुडिओ अशा ठिकाणी सांगतील ते वाजवून त्यांनी उमेदीची वर्षे काढली. १९६३ ते १९६६ या काळात ड्रमवादक टोनी ऑक्सली आणि बासवादक गॅव्हिन ब्रायर्स यांच्यासह वाजवताना ते जॅझच्या ठरीव सुरावटी आणि लयीपासून हळूहळू दूर गेले. १९६६ मध्ये ते लंडनला आले. तिथे ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स यांच्याभोवती लिटल थिएटर क्लबमध्ये तरुण वादक जमत. सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर त्यांतलेच. बेली, पार्कर आणि ऑक्सली यांनी १९७० मध्ये ‘इन्कस’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. वादकांनीच चालवलेल्या ब्रिटनमधल्या पहिल्या अशा संस्थांत तिची गणना होते. हे संगीत विकत घेणारे व्यापारी प्रकाशक फारसे नव्हते, त्यामुळे ते जपायचे तर वादकांनीच जपायला हवे होते.

युरोपात अशा संगीताचे मेळावे आधीपासून भरत होते. बर्लिनमध्ये १९६८ पासून ‘टोटल म्युझिक मीटिंग’ आणि मर्स या छोट्या जर्मन शहरात १९७२ पासून तिथला महोत्सव सुरू झाला होता. मात्र या महोत्सवांत मुख्यतः तयार संच यायचे, आपला कार्यक्रम करायचे आणि पुढच्या गावी जायचे. बेलींचा आक्षेप इथेच होता. त्यांचे म्हणणे असे की मुक्तपणे वाजवणारा संचसुद्धा काही वर्षे एकत्र राहिला की त्याची स्वतःची ठरीव भाषा तयार होते, कोण केव्हा काय करील हे सगळ्यांना कळू लागते आणि उत्स्फूर्तता आटते. म्हणून १९७६ मध्ये त्यांनी ‘कंपनी’ उभी केली. तिला कायमचे सभासद नव्हते. प्रत्येक वेळी माणसे बदलायची. वार्षिक महोत्सव हा याच कल्पनेचा विस्तार. बेली हे विसाव्या शतकातले असामान्य गिटारवादक होते यात शंका नाही, पण माणसे निवडण्याचे आणि त्यांना एकत्र आणण्याचे त्यांचे काम त्यांच्या वादनाइतकेच मोलाचे मानायला हवे.

पहिला महोत्सव मे १९७७ मध्ये झाला. अमेरिकेहून अँथनी ब्रॅक्स्टन, स्टीव्ह लेसी आणि लिओ स्मिथ, हॉलंडहून ड्रमवादक हान बेनिंक आणि बासवादक मार्टन आल्टेना, चेलोवादक ट्रिस्टन हॉन्सिंगर, शिवाय ब्रिटनचे पार्कर, लॉल कॉक्सहिल आणि स्टीव्ह बेरेसफोर्ड असा मेळ जमला होता. स्वभावांची एवढी तफावत एका रंगमंचावर क्वचितच दिसते. लिओ स्मिथ यांच्या ट्रम्पेटमध्ये शांततेला सुराइतकेच वजन. बेनिंक ड्रमचा संच सोडून जमीन, खुर्ची, हाताला लागेल ते वाजवणारे. बेरेसफोर्ड पियानोबरोबर खेळणीही वापरणारे. इन्कसने काढलेल्या ‘कंपनी ५’, ‘६’ आणि ‘७’ या ध्वनिमुद्रिका याच आठवड्यातल्या आहेत.

रागसंगीत ऐकणाऱ्या माणसाला यात नवे काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आपल्याकडेही गायक, तबलजी आणि संवादिनीवादक पुष्कळदा थेट मंचावरच भेटतात. तालीम झालेली नसते आणि तरी मैफल रंगते. पण तिथे राग, ताल आणि बंदिश या तीन गोष्टी तिघांच्याही मालकीच्या असतात. सम कुठे येणार हे श्रोत्यालाही ठाऊक असते आणि उपजेची सगळी गंमत त्या चौकटीला धरून उभी राहते. बेलींना या फरकाची पुरेपूर जाण होती. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९९२ मध्ये सुधारून निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी जगभरच्या उत्स्फूर्त संगीताचा विचार केला, त्यात भारतीय संगीताला अगदी आरंभीचे स्थान दिले आणि त्यासाठी लंडनमधले सतारवादक विराम जसानी यांच्याशी सविस्तर चर्चा केली. एखाद्या शैलीच्या आत राहून होणारे उत्स्फूर्त वादन आणि कोणत्याच शैलीशी न बांधलेले वादन असे दोन वर्ग त्यांनी मानले. कंपनी वीकमध्ये दुसऱ्या वर्गाचा कस लागत असे. राग नाही, सम नाही. तेव्हा वादकांमध्ये समाईक असे एकच उरते, ते म्हणजे त्या क्षणी दुसरा काय करतो आहे ते ऐकणे. ही मागणी रागसंगीतापेक्षा सोपी तर नाहीच. बेलींची ‘कोणत्याच शैलीचे नसलेले’ ही कल्पना मात्र पूर्णपणे पटत नाही. त्यांच्या गिटारचे तुटक, टोकदार, मध्येच घंटेसारखे उमटणारे स्वर दोन क्षणांत ओळखू येतात, आणि ओळखू येणे म्हणजे शैली असणेच.

कोणी कोणाबरोबर वाजवायचे हे कधी बेली सुचवत, कधी वादक आपसांत ठरवत. बेली केवळ या क्षेत्रातल्या मुरलेल्या लोकांनाच बोलावत नसत, हा त्यांच्या निवडीचा सर्वांत धाडसी भाग होता. १९८२ च्या महोत्सवात त्याचे उत्तम उदाहरण मिळते. इन्स्टिट्यूट ऑफ कन्टेम्पररी आर्ट्समध्ये झालेल्या या आठवड्याला अर्सुला ओपेन्स आल्या होत्या. आधुनिक रचनाकारांच्या अत्यंत अवघड लिखित कृती वाजवणाऱ्या पियानोवादक अशी त्यांची ख्याती. त्यांच्या जोडीला दुसऱ्या पियानोवर कीथ टिपेट, हार्पवर ॲन लबॅरन, ट्रॉम्बोनवर जॉर्ज लुईस, गिटारवर फ्रेड फ्रिथ, गायिका जूली टिपेट्स, व्हायोलिनवर फिलिप वॉक्समन, जपानचे बासवादक मोतोहारू योशिझावा आणि स्वतः घडवलेली वाद्ये वाजवणारे अकिओ सुझुकी. या सर्वांनी बेलींसह मिळून केलेले ‘एपिफनी’ हे दीर्घ वादन आणि छोट्या गटांचे ‘एपिफनीज’ हे तुकडे पुढे ध्वनिमुद्रिकेवर आले. मोठ्या वादनात दहा जण असूनही गोंगाट होत नाही. दोन पियानो आणि एक हार्प यांच्या तारांचे नाद एकमेकांत असे मिसळतात की कोणता सूर कोणाचा हे सांगणे कठीण जाते. अनोळखी माणसांनी इतके जपून एकमेकांना जागा द्यावी, हे ऐकताना मन भरून येते. या संगीताकडे वळू पाहणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

१९८७ मध्ये सॅक्सोफोनवादक ली कॉनिट्झ आले. जॅझच्या मुख्य परंपरेतले हे नाव इथे अनपेक्षित वाटते. परंतु लेनी ट्रिस्टानो यांच्याबरोबर त्यांनी १९४९ मध्येच पूर्वनियोजनाशिवाय ध्वनिमुद्रण केले होते, त्यामुळे एका अर्थी ते सर्वांचे वडीलधारेच. १९९१ मध्ये प्लेस थिएटरमधल्या महोत्सवात जॉन झॉर्न, व्हायोलिनवादक अलेक्झांडर बालानेस्कू, ड्रमवादक पॉल लोव्हेन्स, गायिका व्हेनेसा मॅकनेस, विद्युत् वाद्ये हाताळणारे पॅट थॉमस यांच्यासोबत मुखवटा घालून वाजवणारा अमेरिकन रॉक गिटारवादक बकेटहेड होता. पुढे तो ‘गन्स एन’ रोझेस’ या प्रसिद्ध बँडमध्ये गेला.

प्रत्येक संध्याकाळ साधत नसे. काही वादने रेंगाळतात, काहींत प्रत्येक जण आपल्यापुरताच बोलत राहतो, आणि ध्वनिमुद्रणांतही ते लपलेले नाही. पण फसण्याची शक्यता काढून टाकली असती तर महोत्सव चालवण्याचे कारणच उरले नसते. यशस्वी झालेली जोडी पुढच्या वर्षी पुन्हा आणून हमखास दाद मिळवण्याचा मोह बेलींनी कटाक्षाने टाळला.

१९८० च्या दशकात पार्कर इन्कसमधून बाहेर पडले. नंतर बेली आणि त्यांच्या पत्नी कॅरेन ब्रुकमन यांनी ती लंडनच्या हॅकनी भागातल्या घरातून चालवली. १९९२ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीने बेलींच्या पुस्तकावर आधारलेली ‘ऑन द एज’ ही चार भागांची मालिका दाखवली. तिचे दिग्दर्शन जेरेमी मार यांचे होते. अपरिचित वादकांचे नवे गट पाडून महोत्सव भरवण्याची पद्धत पुढे इतरत्रही रुजली. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा ‘हाय झीरो’ महोत्सव १९९९ पासून याच तत्त्वावर उभा आहे. कंपनी वीकमधील संगीत इन्कसच्या ध्वनिमुद्रिकांवर आणि त्यांच्या नंतरच्या पुनर्मुद्रणांवर ऐकायला मिळते. १९९१ च्या आठवड्याचे त्यांतले तीन खंड आहेत.