लस आणि लसीका

दंडावर टोचतात ती लस, आणि गळू फुटल्यावर वाहते तीही लसच. व्याधीचा स्राव आणि व्याधीवरचा उपाय एकाच नावाने कसे नांदू लागले?

धातुपाठात लस् धातूचे अर्थ श्लेषण आणि क्रीडन, म्हणजे चिकटणे आणि खेळणे, असे दिले आहेत. चमकणे हा अर्थही रूढ आहेच. विलास, लास्य, उल्हास ही खेळकर शाखा. चिकट शाखेवर हिंदीतला ‘लासा’ बसलेला दिसतो. लासा म्हणजे पाखरे धरण्याचा चीक. आयुर्वेदातली ‘लसीका’ याच शाखेची असावी. त्वचेखालच्या, व्रणातून झरणाऱ्या उदकाला चरकसंहितेत हे नाव आहे. आपली लस म्हणजे तिचेच झिजलेले रूप असावे. कन्नडात ही झीज झालेली नाही. तिथे टोचायच्या लशीला ‘लसिके’च म्हणतात. गुजराती ‘रसी’ मात्र रसापासून निघालेली दिसते, आणि गंमत म्हणजे तिचेही पू आणि लस हे दोन्ही अर्थ आहेत. हिंदी-बंगालीने ‘टीका’ म्हणून कातडीवरची खूण पाहिली. आपण आत जाणारा द्रव पाहिला.

या दुहेरी अर्थाचे मूळ जुन्या टोचणीत असावे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी टोचणी. ती लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आली होती. ॲनाच्या दंडावर फोड आला, त्यातला द्रव काढून पुढच्या मुलांना टोचला. औषध म्हणजे अक्षरशः फोडातली लस! इंग्रज डॉक्टरही तिला ‘लिम्फ’च म्हणत, लॅटिन ‘लिम्फा’ म्हणजे स्वच्छ पाणी.

पुढे लिम्फसाठी परिभाषेत पुन्हा लसीका आली. त्यामुळे आज लस दंडात गेली की काखेतल्या लसीकाग्रंथींत बी-लसीकापेशी जाग्या होतात आणि प्रतिपिंडे घडवतात. ‘इम्युनिटी’च्या मुळाशी असलेला लॅटिन ‘इम्युनिस’ म्हणजे सार्वजनिक कर्तव्यातून, करातून सुटलेला. त्याला फारसीतून आलेली आपली ‘माफी’ चपखल बसली असती. पण या पेशींची झुंज पाहता ‘प्रतिकार’च योग्य वाटतो.

आपल्या भागात जखमेतल्या पाण्याला लस म्हणतात की आणखी काही, ते वाचकांनी जरूर कळवावे.