ग्राउंड लूप

जमिनीवर धावणाऱ्या विमानाचा दिशेवरचा ताबा सुटून ते गर्रकन आडवे फिरण्याच्या प्रकाराला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. हलक्या विमानांत तो बहुधा उतरल्यानंतरच्या धावेत घडतो. उड्डाणाच्या धावेतही घडू शकतो. २० मार्च १९३७ रोजी हवाईतील ल्यूक फील्डवर वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांचे लॉकहीड इलेक्ट्रा हे इंधनाने जड झालेले विमान उड्डाणाच्या धावेतच असे फिरले, त्याची चाके मोडली आणि त्यांची पृथ्वीप्रदक्षिणा तिथेच थांबली.

कारण : पायपर कब, टायगर मॉथ यांसारख्या शेपूटचाकी विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा डावीकडे वळले, तरी निरूढीमुळे गुरुत्वमध्य मूळ दिशेनेच पुढे जाऊ पाहतो. चाकांचे घर्षण त्याला रोखते आणि त्यातून निर्माण होणारे परिबल नाक आणखी डावीकडे ढकलते. वळण वाढले की परिबलही वाढते, म्हणून चूक आपोआप सुधारत नाही, उलट वाढत जाते. तिचाकी, म्हणजे नाकचाक असलेल्या, विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने हेच परिबल विमानाला सरळ करते. शेपूटचाकी सेस्ना १७० ला नाकचाक देऊन तयार केलेले सेस्ना १७२ १९५६ मध्ये बाजारात आले. अशा विमानांमुळे उतरणे पुष्कळ सोपे झाले. मात्र तिचाकी विमानही जादा वेगात नाकचाकावर भार टाकून टेकवले, तर त्या चाकाभोवती फिरू शकते.

आडवा वारा : वारा शेपटीच्या उभ्या पृष्ठभागावर आदळून विमानाचे नाक वातकुक्कुटाप्रमाणे वाऱ्याकडे वळवतो. धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करणाऱ्या २० नॉट वाऱ्याचा आडवा घटक १० नॉट भरतो. वेग निम्मा झाला की शेपटीवरच्या, दिशा वळवणाऱ्या रडरवरील हवेचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे धाव मंदावते, रडर दुबळे होते आणि शेपूटचाकावर अजून पुरेसा भार आलेला नसतो, तो काळ सर्वांत धोक्याचा.

घटनाक्रम : सुरुवात अनेकदा टेकण्याआधीच होते. विमान तिरके किंवा बाजूला सरकत टेकते. नाक वळल्याचे वैमानिकाच्या उशिरा लक्षात येते, तो रडरचे पेडल जोरात दाबतो आणि ते वेळेत सोडत नाही. नाक मधली रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जाते. पुढचा हेलकावा आणखी मोठा असतो. शेवटी विमान फिरते, वळणाच्या बाहेरच्या अंगाला कलते, त्या बाजूचे पंखटोक जमिनीवर घासते आणि चाकाचा दांडा आडव्या भाराने मोडू शकतो. प्रॉपेलर जमिनीला लागल्यास इंजिनाचीही तपासणी करावी लागते. वेग कमी असल्याने माणसे बहुधा बचावतात. विमानाचे नुकसान मात्र मोठे होते.

प्रतिबंध : टेकताना विमानाचा अक्ष आणि त्याची गती दोन्ही धावपट्टीच्या रेषेत हवेत. त्यासाठी वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवून विरुद्ध बाजूचे रडर देतात. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवली की नाक वळू लागताच कळते. रडर थोडे, पण लगेच द्यावे आणि लगेच सोडावे. तीन चाकांवर टेकल्यावर नियंत्रणदांडा पूर्ण मागे धरून शेपूटचाक जमिनीवर दाबून ठेवावे. वेग उतरेल तसे पंखांवरील एलेरॉन वाऱ्याच्या बाजूला वाढवत न्यावे. टेकण्याआधी विमान रेषेत येत नसेल, तर पुन्हा वर जाणे हाच योग्य निर्णय होय.

प्रशिक्षण : १९५८ मध्ये प्रथम उडालेले हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या परंपरेतील ‘पुष्पक’ हे शेपूटचाकी विमान भारतातील फ्लाइंग क्लबांत शिकवण्यासाठी वापरले गेले. अमेरिकेत अशी विमाने चालवण्यासाठी प्रशिक्षकाची स्वतंत्र नोंद लागते आणि त्या शिक्षणात आडव्या वाऱ्यातील उड्डाण व उतरणे सक्तीचे आहे. त्यामागचे तत्त्व प्रत्येक वैमानिकाने पाळावे असे आहे : चाके टेकली तरी उतरणे संपत नाही, विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय रडरवर सावध असलेच पाहिजेत.