कलिल चांदी (घरगुती)

चांदीचे अतिसूक्ष्म कण, साधारण शंभर नॅनोमीटरपर्यंतचे, पाण्यात तरंगत राहिले की त्या द्रवाला कलिल चांदी म्हणतात. रसायनशास्त्राला ती जुनीच आहे. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये सोन्याचे माणकासारखे लाल कलिल करून दाखवले. अमेरिकेच्या कॅरी ली याने १८८९ मध्ये चांदीचे कलिल केले आणि १८९८ मध्ये गेओर्ग ब्रेडिखने पाण्याखाली धातूच्या तारांमध्ये ठिणगी पाडून तेच साधले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरही ती वापरत. प्रतिजैविके आल्यावर तिचे दिवस संपले. घरच्या घरी जारभर बनवून पिण्याची टूम त्यानंतरची.

कृती फसवी वाटावी इतकी सोपी आहे. तेजाबी, म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध चांदीच्या दोन तारा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एवढाच सरंजाम. धनाग्राची तार झिजते, चांदीचे आयन पाण्यात उतरतात. ऋणाग्राशी हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. दागिन्याची तार वापरली तर चांदीबरोबर तिच्यातले तांबेही उतरते.

मोठ्या प्रमाणाचा हट्ट धरला की फॅरडेचाच नियम आडवा येतो. एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर चालला तर फार तर चार मिलिग्रॅम चांदी विरघळते. वीस लिटरच्या जारात लिटरमागे दहा मिलिग्रॅम चांदी हवी असेल तर दोनशे मिलिग्रॅम लागते, म्हणजे पन्नास तास. घाई करून प्रवाह वाढवला की कण एकमेकांना चिकटतात, ऋणाग्रावर काळपट लव धरते आणि तिचा गाळ तळाशी बसतो.

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावात हाच खटाटोप बोअरच्या पाण्यावर केला तर वेगळेच काही हाती लागेल. हा बालाघाटचा, बेसाल्ट खडकाचा मुलूख. बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकलेल्या नळाच्या पाण्यात क्लोराइडची आणखी भर पडते. चांदीचे आयन क्लोराइडशी गाठ पडताच सिल्व्हर क्लोराइड होऊन दुधाळ ढग उठतो आणि उजेडात तो जांभळट-करडा पडतो. मीठ टाकले की काम लवकर होते, हा सल्ला या धंद्यात सर्रास मिळतो. त्यातून होते ते हेच.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये तयार झालेला द्रव तरी खरोखर कलिल असतो का? बहुतेक वेळा त्यात कणांपेक्षा विरघळलेले आयनच जास्त असतात. चांदीचे खरे सूक्ष्मकणी कलिल पिवळसर दिसते, तर घरगुती द्रव पुष्कळदा पाण्यासारखा रंगहीन असतो. गंमत अशी, की त्याची ‘ताकद’ मोजायला टीडीएस मीटर बुडवतात. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे मुख्यतः आयन मोजतो. धातूचे तरंगते कण त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. जो आकडा अभिमानाने दाखवला जातो, तो कलिल नसलेल्या भागाचा.

खरा धोका पोटात जाणाऱ्या मात्रेचा आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकाने चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे. दहा मिलिग्रॅमचा घरगुती द्रव त्याच्या शंभरपट. दीर्घकाळ घेतलेली चांदी कातडीत साठते, उजेडाने काळवंडते आणि अंग निळसर-राखाडी होते. या विकाराला आर्जिरिया म्हणतात. हा रंग सहसा कायमचा असतो. अमेरिकेत माँटाना राज्यातले राजकीय उमेदवार स्टॅन जोन्स यांनी २००० साली संगणक कोलमडून प्रतिजैविके मिळेनाशी होतील या भीतीने १९९९ पासून घरीच कलिल चांदी बनवून प्यायला सुरुवात केली. संगणक चालत राहिले. जोन्स निळे पडले, आणि २००२ च्या सिनेट निवडणुकीत त्यांच्या भूमिकांपेक्षा रंगाचीच चर्चा झाली. त्याआधीच, १९९९ मध्ये, अमेरिकी औषध प्रशासनाने कलिल चांदीची चिठ्ठीविना मिळणारी औषधे सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असा अंतिम नियम केला होता.

चांदी जंतू मारते, यात मात्र खोटे काही नाही. अपोलो मोहिमांसाठी पाण्यात चांदीचे आयन सोडणारे छोटे विद्युत्-उपकरण १९६० च्या दशकात बनवले गेले. पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेवर चालणारा ‘सुजल’ फिल्टर घडवला. त्याच वाटेने पुढे जाऊन राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेला ‘टाटा स्वच्छ’ डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आला. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतले किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांचे त्वचेवर लावायचे जेल तयार केले. त्यांच्या २००९ च्या शोधनिबंधानुसार भाजलेल्या जखमांवरच्या नेहमीच्या सिल्व्हर सल्फाडायझिनच्या तिसाव्या हिश्शाइतक्या चांदीत ते तुल्य जंतुनाशक ठरले. फिल्टरमध्ये चांदी राखेला धरून बसते, जेलमध्ये ती कातडीवर राहते. कलिल चांदी पेला भरून पिण्याचा सल्ला यांपैकी कोणीच दिला नाही.

भारतात रोगावरचे औषध म्हणून असा द्रव विकण्यासाठी बनवायचा तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना लागतो. कर्करोग किंवा मधुमेह बरा होतो अशी जाहिरात केली, तर जादूटोण्याच्या उपायांबरोबरच औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींनाही बंदी घालणारा १९५४ चा कायदा लागू होतो.