लंडनमध्ये रचलेलं बेट
१७०४ साली लंडनमध्ये फोर्मोसा बेटाचं, म्हणजे आजच्या तैवानचं, वर्णन करणारं एक पुस्तक आलं. लेखक जॉर्ज साल्मानाझार स्वतःला तिथलाच म्हणवायचा. खरं तर तो युरोपीय. आशियात पाऊलही ठेवलेलं नव्हतं. पण पठ्ठ्याने अख्खा देश रचला: लिपी, नाणी, पोशाख, शिवाय वर्षाला १८,००० मुलांचा नरबळी. मग तू गोरा कसा? तर म्हणे, तिथले बडे लोक जमिनीखाली राहतात!

चीनमध्ये राहून आलेल्या फोंतने या जेझुइट पाद्र्याने रॉयल सोसायटीत त्याला समोरासमोर खोटं ठरवलं. तरी दुसरी आवृत्ती निघालीच. एकदा बोललेलं कधीच मागे घ्यायचं नाही, हा त्याचा नियम. मृत्यूनंतर छापलेल्या आठवणींत त्याने तो कबूल केलाय. (आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात.)

मला त्याच्या थापांपेक्षा दुसरंच बोचतं. लंडनकर ही बनावट लिपी कौतुकाने बघत होते, तेव्हा खऱ्या बेटावर सिराया लोक स्वतःच्या भाषेत जमिनीचे करार लिहीत होते. डच मिशनऱ्यांनी शिकवलेल्या रोमन लिपीत. डच जाऊन चाळीस वर्षं उलटली होती. त्यातले कितीतरी कागद आजही शिल्लक आहेत.