नो नाट्याचा टिपणकार

विणकर आपले श्रम कापडाच्या रूपाने दाखवू शकतो. नटाचे तसे नाही. खेळ संपला की त्याच्या मेहनतीची खूणही मागे उरत नाही. ती टिपून ठेवणारा कोणी निघाला, तरच इतिहासाला तिचा पत्ता लागतो. जपानचा चित्रकार त्सुकिओका कोग्यो (१८६९–१९२७) हा असा टिपणकार होय.

नो हे मुखवटे, मंद नृत्य व गायन यांचे जपानी नाट्य चौदाव्या शतकापासून चालत आलेले. शोगुनांच्या अमदानीत नटांना सरकारातून तांदळाचा तनखा मिळे. १८६८ साली ती सत्ता गेली आणि तनखाही तुटला. कित्येकांनी धंदा सोडला. पोटासाठी मुखवटे व भरजरी वस्त्रे विकली. उमेवाका मिनोरू यांच्यासारख्या थोड्या नटांनी चिकाटीने प्रयोग चालू ठेवले. १८८१ साली टोकिओच्या शिबा उद्यानात नवा नो-रंगमंच उभा राहिला, तेव्हा कोठे कलेला पुन्हा घर मिळाले.

कोग्योने हे नाट्य चित्रांत उतरवले. १८९७ ते १९०२ या काळात त्याची २६१ चित्रांची माला निघाली. १९२२ ते १९२६ मध्ये आणखी १२० चित्रांची. त्यांत मुखवटा धारण केलेला नायक तर आहेच. पण रंगमंचामागची तयारीही आहे, आणि मागे स्तब्ध बसणारा सहायकही आहे. हा सहायक नायकाची वस्त्रे सावरतो, आणि नायक मध्येच कोसळला तर त्याची भूमिका पुढे नेतो. सारे नाटक त्याला मुखोद्गत असावे लागते. टाळ्या मात्र त्याच्या वाट्याला नाहीत.

आता ही चित्रे छापली कशी जात, तेही पाहा. चित्रकाराने पातळ कागदावर काढलेली रेखाकृती लाकडी ठोकळ्यावर पालथी चिकटवीत आणि तिच्यासकट लाकूड कोरीत. कोरणाऱ्याच्या हत्याराखाली मूळ कागद नष्ट होई. मग प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा, आणि छापणाऱ्याच्या हाताचा दाब. म्हणजे नटाचे श्रम जपणारे हे चित्रही तिघांच्या श्रमाचे. रसिकांच्या ओठी नाव मात्र एकाचेच राहिले.

राजाश्रय गेल्यावर कला तगते ती अशा माणसांच्या बळावर. इतिहास वाचताना नायकाकडे अवश्य पाहावे. पण त्याच्या मागे बसलेला माणूस कोण, हेही विचारावे.